भोंगाबाईची ओळ

रविवार, ३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो कागदावरच घातला आहे. इकडे सर्व क्षेम.

तुझी लेक, आपली भोंगाबाई, मजेत आहे. उंची वाढली, फ्रॉक आखूड झाले. आमच्या शाळेत कविता शिकवायचं काम यंदा आमच्या हिने अंगावर घेतलंय. चित्रकलेच्या बाई, त्यामुळे घोकंपट्टी वर्ज्य. एकेका मुलाला एकेक ओळ. तिचं चित्र काढायचं, मग रांगेत उभं राहून पाळी आली की चित्र उंच धरून ओळ म्हणायची. आमचं संस्कृत छड्यांनी पक्कं झालं, असं मी म्हणालो. म्हणूनच तुमच्या वर्गात कुणी टिकत नाही, असं उत्तर मिळालं.

कविता वाऱ्याची आहे. भोंगाबाईच्या वाट्याला आलं, 'मी त्याला मोठ्यानं हाक मारली'. तिने कागदभर उघडं तोंड काढलं. पडलेल्या दाताची खिंडसुद्धा सोडली नाही.

पाळी आली की ती चित्र उंच धरते आणि गप्प उभी राहते. मुलं थांबतात. तिने चित्र खाली घेतलं की पुढची ओळ. पोरांना आता कविता अशीच वाटते. परवा मुख्याध्यापिकांनी तिथे ओळ म्हणून दिली, तर रांगेतून आवाज आला, "बाई, तुम्ही चुकलात. तिथे थांबायचं असतं."

अर्धा जन्म यती शिकवली, दादा. ओळीतला एवढा लांब थांबा कुठल्या वृत्तात नाही.

फोनवर मी तुला ती झोपलीय म्हणतो, घसा बसलाय म्हणतो. घसा बसलेला नाही. वहिनी गेली, तू बोटीवर परतलास, तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती नको, वाट बघा. लाडीगोडी झाली, एकदा रागावूनही झालं. मग ही स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मी उगाच शब्दकोशांवरची धूळ पुसत बसलो. पत्र अशासाठी, की फोनच्या वेळी ती माझ्या शेजारीच बसलेली असते.

काल घरी तोच खेळ मांडला. तिची ओळ मी मुद्दाम चुकीची म्हटली, निदान चूक काढायला तरी तोंड उघडेल म्हणून. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. कितीतरी वेळ काढला नाही.

तू आलास की ती बोलेल, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तरी ये.

तिचा,
काका