पेटीतलं पान

ती. आईस,

पनवेलहून कांचनचा नमस्कार. आधी बाबांना सांग, आपला सगळा संत्रा काल तपासणीत पास झाला. आज कंटेनर बंदराकडे गेला, तिथून दुबई. आता त्यांना नीट झोपू दे.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, म्हणून ही चिठ्ठी आपल्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय.

तपासणीच्या तासभर आधी कोल्ड स्टोरेजमधले काशीरामकाका एक पेटी घेऊन आले. इथल्याच गव्हाणचे आहेत. म्हणाले, "पोरी, हिला कुंकू लावलंय. पूजेची हाय का?" उघडली, तर वरच हळद लावलेला संत्रा, पानासकट. पहिल्या तोडीचा तू दरवर्षी बाजाराच्या गाडीत ठेवतेस, तसाच या वेळी पेटीत ठेवलास.

आई, परदेशी जाणाऱ्या फळात एक पान सापडलं तरी सगळा माल परत पाठवू शकतात. पानावरून कीड जाते म्हणे. पण तू कुंकू लावलं नसतंस, तर बाराशे पेट्यांतलं ते पान आधी तपासणीच्या साहेबांनाच दिसलं असतं. मी रागावलेले नाही. खरंच.

तो संत्रा धुऊन काकांनी आणि मी अर्धा अर्धा खाल्ला. गोड होता.

तुझा गुडघा कसा आहे? फवारणी चालू असताना बागेत जाऊ नकोस.

त्या संत्र्याच्या जागी दुसरा ठेवून पेटी बंद केली. कुंकू मात्र मी पुसलं नाही. ते गेलं दुबईला.

तुझीच,
कांचन