त्याचं तोंड कुठे होतं?

शुक्रवार, संध्याकाळ

दिल्लीच्या मुनिरकातल्या तमाम परीक्षार्थींनो, या दिशांच्या प्रश्नांनी आपल्याला फार छळलंय! रविवारी बँकेच्या परीक्षेचा माझा शेवटचा प्रयत्न, आणि आजही तेच चुकलं.

माणूस घरापासून कोणत्या दिशेला आहे, हे सांगायला दिलेली विधानं पुरेशी आहेत का? पहिलं विधान: तो घरातून निघून तीन किलोमीटर सरळ चालला. दुसरं: मग डावीकडे वळून चार. मी डोळे मिटून त्याच्याबरोबर निघाले. कोवळं ऊन, कडुनिंब, रिकामा रस्ता... दोन्ही विधानं मिळून पुरेशी, असं लिहिलं.

रूममेट मेघना हसली. "यार, पण निघताना त्याचं तोंड कुठे होतं?"

उत्तरेला. पण ते मीच ठरवलं होतं ना? कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या, पण व्यासपीठावर 'माहीत नाही' कधी म्हटलंच नाही मी.

रविवारी तरी म्हण, असं स्वतःलाच बजावतेय. निघतानाची दिशा दिली नसेल, तर 'माहिती अपुरी'वर खूण कर.