चिंचेनं घासलेलं नाणं

बाबा, तुमचं भिंग अजून माझ्याकडे आहे. मुलुंडच्या याच स्वयंपाकघरात ते डोळ्याला लावून मी नाणी तपासतो. तुमच्या ओळखीची नाणी नव्हेत ही. पितळेची, जाडजूड, परदेशात कुणा खाजगी माणसानं पाडलेली. पाठीवर चकचकीत स्टिकर, त्याखाली एक गुप्त आकडा. इंटरनेटवरचं क्रिप्टो चलन त्या आकड्याला बांधलेलं असतं. ज्यानं आकडा वाचला, त्याचं चलन. म्हणून स्टिकर कधीच उचलायचा नाही. तुम्ही वजनमापं खात्यातले निरीक्षक, तुम्हाला हे चटकन समजलं असतं. वाण्याच्या दुकानात शिरलात की तुम्ही आधी वजन उलटं करायचात, तळाच्या शिशावर मारलेला सरकारी शिक्का बघायचात आणि मग वाण्याचं तोंड. सील फोडलं की खरं वजनसुद्धा खोटं, असं म्हणायचात.

तुमचा संशयी स्वभाव मी पुरता उचललाय. नाणं पाडणाऱ्यानं आकडा आधीच उतरवून ठेवला नसेल कशावरून, असं मनात येतं आणि मी चहाच्या आधी फोनवर बघतो, चलन जागेवर आहे ना. असतं. तरी उद्या असेल याची खात्री कोण देणार?

यंदा लक्ष्मीपूजनाला आईच्या चांदीच्या रुपयांशेजारी मी एक नाणं ठेवलं, जरा मिरवायला म्हणूनच. भाऊबीजेला ताई बोरिवलीहून आली. ताई म्हणतो, पण आहे माझ्याहून चार वर्षांनी लहान, तुम्हाला ठाऊकच आहे. ओवाळून झाल्यावर तिनं नाणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आत काय असतं विचारलं, फोटो काढला. ती गेल्यावर मी भिंग लावलं, तर स्टिकरची कड उचललेली. चलन जागेवर होतं, पण म्हणून काय झालं? आकडा वाचून ठेवणारा वर्षभरानंतरही हात मारू शकतो. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि सरळ विचारलं, स्टिकर तू उचललास का.

"बाबांनी विचारलं होतं ना, तेव्हाही तू असाच होतास, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.

तुळशीच्या लग्नाआधी आई देव घासायला बसली. चिंचेचा गोळा, मीठ, ताटात समई आणि ताम्हन. मला म्हणाली, "तुझं ते कागद लावलेलं नाणं पण आण. दिवाळीत घासलं होतं, परत काळं पडलं असेल." मी खोदून विचारलं. पूजेआधी तिनं रुपयांबरोबर तेही दुधापाण्यात बुडवून ठेवलं होतं आणि मग चिंचेनं खसाखसा घासलं होतं. देवीपुढे काळपट पितळ कसं ठेवायचं, असं तिचं म्हणणं. चूक काढायची तरी कुणाची?

आता ते जुनं. आपल्या घरच्या तराजूचं अर्ध्या किलोचं वजन, ज्यानं तुम्ही वाण्याकडून आलेली साखर पुन्हा तोलायचात, त्याचं शिसं कुणीतरी कंपासच्या टोकानं खरवडलं होतं. तुम्ही आम्हा दोघांना भिंतीपाशी उभं केलंत. विचारलंत. मी काहीच बोललो नाही, नुसतं ताईकडे बघितलं. ती सहा वर्षांची होती, रडायला लागली, आणि तुम्हाला तेवढा पुरावा पुरला. पुढे लग्न होऊन जाईपर्यंत तुम्ही तिच्या हाती कपाटाची किल्ली दिली नाहीत. मला नोकरी लागली तेव्हा हे भिंग मात्र मला दिलंत. हा भरवशाचा आहे, असं आईला म्हणालात. ताई तिथेच पोळ्या लाटत होती.

हे पत्र खरं तर बोरिवलीला जायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही फोन ठेवून देत नाही. कुठे धाडणारही नाहीये, नाण्यांच्या डब्यात ठेवीन.

बाबा, ते शिसं मी खरवडलं होतं.