रत्नाचा रिपोर्ट

११ नोव्हेंबर, सोमवार
परत नवलभाऊ! वीस वर्षं धुळ्याच्या या लॅबमध्ये लोकांच्या शिरा टोचल्या म्हणून हा माणूस स्वतःला डॉक्टरच समजतो. रक्त काढायचं सोडून माहेर कुठलं, मुलं किती — आणि मागे रांग. मी जळगावहून एम.एस्सी. करून आले ती हे ऐकायला?
माझ्या मशीनला गप्पा लागत नाहीत. थेंबभर रक्त कॉलममधून जातं, प्रत्येक जातीचं हिमोग्लोबिन आपापल्या मिनिटाला बाहेर पडतं, आलेखावर टेकाड उठतं. टेकाड मोजा, टक्के लिहा. संपलं.

१३ नोव्हेंबर
नवलभाऊ सुट्टीवर. शांतता!
शिंदखेड्याकडच्या बेबाबाई सुनेला घेऊन आल्या. रत्ना, वीस-एकवीसची. हातपाय ठणकतात म्हणून कापूस वेचायला जात नाही. गावच्या डॉक्टरांनी सिकलसेलची तपासणी लिहून दिलीय. सासूच बोलत होती, ही भिंतीकडे बघत बसलेली. असल्या सुना मी ओळखून आहे. फॉर्म मीच भरला. दोन मिनिटांत. याला म्हणतात काम.

१४ नोव्हेंबर
रत्नाचं सिकलसेलवालं हिमोग्लोबिन, म्हणजे एस, ३८ टक्के; बाकी बहुतेक नेहमीचं ए. म्हणजे नुसती वाहक. आजार असता तर ए दिसलंच नसतं. लॅबचे डॉक्टर ललित सर, त्यांनी न वाचता सही ठोकली. वाचतात कधी?
बेबाबाईंनी विचारलं, "म्हंजे नाटकच करस ना ती?"
"दुखायचं तर काही कारण नाही," मी म्हटलं.
त्यांना तेवढंच हवं होतं.

१८ नोव्हेंबर
नवलभाऊंनी मागचे रिपोर्ट चाळले. कोणी सांगितलं होतं? रत्नाच्या आलेखावर बोट ठेवून म्हणे, "मॅडम, हिले रगत चढाडेल व्हतं का, इचारं का?"
कंपाउंडरी अक्कल! मी ऐकवलं, आलेख वाचायचं काम माझं. दुपारी व्हरांड्यात त्यांचे फोनवर फोन.

१९ नोव्हेंबर
फॉर्मवरच्या नंबरवरून त्यांनी बेबाबाईंना गाठलं, त्यांच्याकडून माहेरचा नंबर काढला. सावद्याला. रत्नाची आई आधी बोलेना, मग रडली. महिन्यापूर्वी पोरीला माहेरी चार बाटल्या रक्त चढवलं. सासरी कळवलं नाही. आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणतील.
म्हणजे ते ए परक्यांचं. तिचं स्वतःचं सगळं एस. मशीनने अचूक मोजलं — दुसऱ्यांचं रक्त.
ती माझ्या समोर बसली होती.

२० नोव्हेंबर
नवलभाऊ सासूला खरं सांगायला सकाळच्या एसटीने शिंदखेड्याला गेले. उशीर झाला होता. 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून रत्नाला पाच दिवस वेचणीला जुंपलं होतं. शेतातच छातीत कळ येऊन पडली. नवलभाऊच तिला धुळ्याला घेऊन आले. ऑक्सिजनवर आहे.
हॉस्पिटल इथून दोन गल्ल्या. मी गेले नाही.

२५ नोव्हेंबर
रत्ना वाचली. तिचा बाप तक्रार घेऊन आला. ओरडला नाही. रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. ललित सरांना घाम. सही करताना डोळे मिटलेले, आता उघडले!

२६ नोव्हेंबर
सरांनी आज फॉर्म काढला. 'मागील तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का?' — 'नाही'वर खूण. कोणी भरला, म्हणाले.
"मी," नवलभाऊ म्हणाले. त्या दिवशी ते सुट्टीवर होते, हे सरांनी पाहिलंही नाही.
उद्यापासून ते येणार नाहीत. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.