मिस्टर टॅनरबद्दल कोणतं विधान योग्य?

६ मे
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या असतात, माझीही असावी.

यी मॅडम आमच्या इंग्रजीच्या प्रमुख. त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, की अकरावीच्या वर्गाबरोबर बारावीला कोण चढणार आणि परत दहावीला कोण उतरणार, ते जुलैत ठरेल. निकष एकच: टर्मच्या शेवटच्या पेपरात उताऱ्यांवरच्या प्रश्नांचे मार्क. बोलताना सारख्या माझ्याकडे बघत होत्या. साहजिक आहे. उतारे म्हणजे तान सर आणि तान सर म्हणजे उतारे.

मला बारावी एकदाही मिळालेली नाही. दर वेळी वर्ग अकरावीपर्यंत आणतो, घडवतो, आणि मग पुन्हा खाली. माझ्याइतका पक्का पाया दुसऱ्या कुणाला भरता येत नाही, म्हणून. पण यंदा चढणार. लिहून ठेवतो.

संकल्प: उद्यापासून रोज एक इंग्रजी उतारा स्वतः वाचायचा.

७ मे
वाचला नाही. चष्मा स्टाफरूममध्ये राहिला.

८ मे
वर्गात तान पद्धत पुन्हा एकदा समजावली. उतारा वाचायचा नाही. उतारा हा वेळ खाणारा सापळा आहे. थेट पर्यायांवर झडप घालायची. तीन लांबलचक आणि एक आखूड, तर आखूड. तीन आखूड आणि एक लांबलचक, तर लांबलचक. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असलं काही दिसलं की काट. वाचून मन प्रसन्न झालं, तर ते बरोबर. आणि काहीच उमजेना, तर डोळे मिटून सी.

कुआंग यिंग उठली. इंग्रजीची वर्गप्रतिनिधी, वह्या गोळा करते ती. म्हणाली, की सर, वाचायचाच नाही तर उतारा छापतात कशाला? पोरगी कष्टाळू आहे, डोकं जरा जड.

मी बोलत होतो तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं माना खाली घालून, डोळे मिटून ऐकत होती. एवढी नम्रता हल्ली कुठे बघायला मिळते?

१४ मे
स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की सगळे गप्प होतात. दरारा. आज तर हसता हसता गप्प झाले.

फक्त पेंगला ते जमत नाही. तो खोकतो. पेंग म्हणजे कालचं पोरगं, अजून मिशी धड फुटलेली नाही. वर्गात उतारा ओळ न् ओळ वाचून घेतो. अख्ख्या तासात एक उतारा! आणि मॅडमच्या तोंडी उठताबसता पेंग. कानामागून आला आणि तिखट झाला. आणि आमच्या हुनानमध्ये तिखट होणं म्हणजे चेष्टा नाही.

उतारा: नाही. मास्तरच वाचत बसला तर पोरांचा पद्धतीवरचा विश्वास उडतो.

२१ मे
मासिक चाचणी. उताऱ्यांत आमचा वर्ग तळाला. उत्तरपत्रिका मशीन तपासतं, आणि हवा ही अशी दमट. पेन्सिलीचे ठिपके उमटलेच नसणार. मॅडमना तसं सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असावं.

घरी होंग्यू फणफणलेली. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, पाय दुखत असतील. म्हणाली, की जगाला उतारे शिकवतोस आणि बायकोचा चेहरा वाचता येत नाही, मी सकाळपासून चिडलेय. का, विचारलं. म्हणाली, बघ जरा. खिडकीतून बघितलं. काहीच नव्हतं.

२२ मे
काल तिचा वाढदिवस होता.

३० मे
शेवटच्या पेपरासाठी प्रत्येकाने परदेशी मासिकातला एकेक उतारा आणून, त्यावर प्रश्न काढायचे. पेंगला मात्र दोन. मला एकच. माझ्यावर भार टाकायचं मॅडमच्या जिवावर येतं.

मासिकं चाळायला घेतली. अक्षरं फार बारीक. आणि मग चहा पिता पिता सुचलं: आपणच लिहावा! खाली ‘एका ब्रिटिश मासिकातून’ असं टाकायचं. मॅडम वाचतील, लिहिलेल्या माणसाचं मोठेपण मनावर ठसेल, आणि हा आपल्या तान सरांसारखाच आहे की, असं त्यांना आपोआप वाटेल. नाव न घेता काम फत्ते.

७ जून
आजपासून गाओकाओ, बारावीनंतरची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा. शाळेच्या गेटवर बारावीचे सगळे सर-मॅडम लाल कपड्यांत, मुलांना शुभ म्हणून. मुलं आत जाताना एकेकाच्या हातावर टाळी देतात. मी समोरच्या दुकानात शेवयांचा वाडगा घेऊन उभा होतो. शेवया खायलाच गेलो होतो.

माझ्याकडेही लाल शर्ट आहे. माझा पहिला वर्ग अकरावीत आला तेव्हा चांगशाहून आणलेला, अजून पिशवीत नवा. घरी येऊन घालून बघितला. पोटाशी बटण लागत नाही. कापड आटलं. होंग्यू म्हणाली, काढ तो, नवरदेव म्हातारा झाला तरी वरात निघालेली नाही, असं दिसतंय.

हसू आलं नाही. शर्टाची घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला.

१२ जून
मुलांचं प्रेम! कुआंग यिंगने वर्गातर्फे घशाच्या गोळ्यांची डबी आणून दिली. म्हणाली, की सर, तुम्ही फार बोलता, शेवटच्या तासाला आराम करा, आम्ही आमचं आमचं वाचू. मी म्हणालो, तुमच्यासाठी घसा फाटला तरी बेहत्तर, आणि संपूर्ण तास बोललो. सगळ्यांनी पुन्हा माना खाली घातल्या.

हा प्रसंग उताऱ्यात घेतला.

१८ जून
उतारा तयार. नायक मिस्टर टॅनर, इंग्लंडातल्या एका खेड्यातले शिक्षक. आपल्या बॅटरीच्या स्कूटरवरून, छत्री लावून, शेवंतीच्या चहाचा थर्मास घेऊन शाळेत येतात. मला कुणी ओळखणं शक्य नाही, शेवयांच्या जागी पाव लिहिलाय.

टॅनर बोलू लागले की विद्यार्थी आदराने माना घालतात. ते स्टाफरूममध्ये आले की सन्मानाने शांतता पसरते. त्यांना श्रम नकोत, म्हणून मुख्याध्यापक महत्त्वाची कामं दुसऱ्यांना देतात. मुलं त्यांना घशाच्या गोळ्या देऊन आराम करायची विनंती करतात. त्यांच्या कपाटात एक लाल शर्ट आहे. शेवटी एके सकाळी ते तो घालून गेटवर उभे राहतात आणि सगळी मुलं त्यांच्या हातावर टाळी देतात. हे लिहिताना डोळे भरून आले.

शेवटचा प्रश्न: मिस्टर टॅनरबद्दल कोणतं विधान योग्य?
ए. सर्वांचे लाडके आहेत.
बी. गावात श्रीमंत आहेत.
सी. लवकरच निवृत्त होतील.
डी. लोक आपल्याबद्दल खरोखर काय समजतात, याचा त्यांना जराही पत्ता नाही.

उत्तर ए. बी आणि सी भरतीचे. डी तर इतका मूर्खासारखा आहे, की ठेवावा की नाही याचा विचार केला. पण चौथा काहीतरी लागतोच.

२० जून
यी मॅडमनी उतारा वाचला. मध्येच रुमाल काढून तोंडावर धरला. मग म्हणाल्या, की तान सर, इतके उतारे डोळ्यांखालून गेले, पण असा नाही, एका अक्षरालाही हात लावणार नाही. उत्तरांवर मात्र एकदा नजर टाकते म्हणाल्या. बारावी झालीच म्हणायची. लाल शर्ट बटण पुढे सरकवून घ्यायला शिंप्याकडे टाकला.

संकल्प: पोट कमी करणे. उद्यापासून.

२९ जून
पेपर झाला. मी पेंगच्या वर्गावर होतो, पण समोरच्या खिडकीतून माझा वर्ग दिसत होता. अर्ध्या वेळानंतर सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. कुणी टॅनरपाशी पोचलं, मग शेजारचा पोचला. कुआंग यिंग डोळे पुसत होती. मागच्या बाकावरची कायमची झोपाळू मुलंही ताठ बसून वाचत होती, एकाने तर पान उलटून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. अंगं गदगदत होती. लेखणीत ताकद लागते.

३० जून
मॅडमचा नियम: शिक्षकांनीही पेपर सोडवून द्यायचा. पद्धतीने सोडवला, सगळ्यांच्या आधी उठलो. टॅनरचा उतारा वाचलाही नाही. मीच लिहिलाय, मी कशाला वाचू? थेट ए.

३ जुलै
दुपारी मॅडमनी बोलावलं. नवा पट्टा लावून गेलो.

मॅडम म्हणाल्या, की टॅनरच्या उताऱ्यात तुमचा वर्ग शाळेत पहिला. मी खुर्चीतून उठलोच. म्हणाल्या, बसा, बाकीच्या तिन्ही उताऱ्यांत तळाला. हवा दमट होती, म्हणालो. त्या म्हणाल्या, एकाच कागदावर हवा वेगवेगळी असते का हो?

मग तक्ता पुढे सरकवला. टॅनरच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्या जवळपास सगळ्या वर्गाने डी लिहिलं होतं. मी म्हणालो, मग पहिला कसा, सगळ्यांचं चुकलंय, उत्तर ए आहे. म्हणाल्या, उत्तर डी, मी बदललं. शिक्षकांमध्ये ए लिहिणारे तुम्ही एकटे. मी म्हणालो, मॅडम, हा लेखक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. मॅडम म्हणाल्या, लेखकाला अख्खी शाळा ओळखते, तान सर. पण त्याला काय म्हणायचं होतं हे प्रश्नात विचारलेलंच नाही. उताऱ्यात काय आहे, ते विचारलंय.

मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, की तुमच्या पोरांना वाचता येतं हो. तुम्ही त्यांना वाचू देत नाही.

होंग्यूला सगळं सांगितलं. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग उठून मिरच्या घालून मासा केला. न मागता.

उत्तर ए च आहे.

५ जुलै
यादी लागली. माझा वर्ग घेऊन बारावीला पेंग. तान जीवेन: दहावी.

पाया भरायला माझ्यासारखा दुसरा...

पेंग जिन्यात भेटला. खोकला नाही. म्हणाला, की सर, मुलं माझ्याकडे येतायत, कोण कसं आहे ते तुम्ही सांगाल का? सांगायला लागलो आणि लक्षात आलं, की पुढच्या बाकांवरच्यांचे स्वभाव माहीत आहेत. मागच्या तीन बाकांवरच्यांचे फक्त केस.

६ जुलै, सकाळी
कुआंग यिंग वह्या परत द्यायला आली. उगाच रेंगाळली. म्हणाली, की सर, एक सांगू, रागावू नका; वर्गातल्या सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलेला तो पहिला उतारा. मी विचारलं, मग डी का लिहिलंत? ती म्हणाली, की आधी खूप हसलो. मग लाल शर्टापाशी कुणी हसलं नाही. आणि सर, पर्याय बघा ना, तीन आखूड, एक लांबलचक. तुमच्या पद्धतीनेही डीच येतं.

मी बोटांवर पर्याय मोजले. दोनदा.

दारातून वळून म्हणाली, की पुढच्या सात जूनला गेटवर याल ना? मी म्हणालो, तिथे बारावीचेच शिक्षक असतात. म्हणाली, शेवया खायला याल तसे या. शर्ट घालून या. पद्धत तेवढी घरी ठेवा.

६ जुलै, दुपारी
होंग्यू दुकानात. शिंप्याकडून शर्ट आणला. बटण लागतं.

चष्मा शोधला. गादीखाली होता. मिस्टर टॅनर वाचायला घेतले. पर्याय हाताने झाकून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, हळूहळू. मे महिन्यापासून वाचलेला हा पहिलाच उतारा.

डी.

प्रश्न मात्र चांगला काढला होता. वाचलं की येतो.