पाहुण्याला नाही म्हणायचं नाही

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पोस्त द फ्लाक, समुद्रकाठ
रविवार, २५ ऑक्टोबर १९६४

चि. यशपाल यास वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तार पोचली असेल. तारेत मावलं तेवढंच कळवलं. काल आईंचं तेरावं झालं, घर धुऊन निघालं, बों अक्योयची मंडळी परत गेली, आणि आज पूजा आटोपून लिहायला बसले. कागद बघून हसू नकोस. आपल्या पाहुण्यांच्या बिलांसाठी छापून घेतलेले आहेत, मागची बाजू कोरी असते. पुढची बाजू वापरायची वेळ फारशी आली नाही, मग वाया कशाला घालवायचे? मराठीत मुद्दाम लिहितेय. संध्याकाळी बैठकीच्या वर्गात तुला मुळाक्षरं मीच गिरवायला लावली होती, ती विसरला नसशील. तुझ्या ऑफिसात हे पत्र कुणी फोडलं तरी त्याला वाचता येऊ नये. का, ते पुढे लिहीनच.

आईंना काही त्रास झाला नाही. सकाळी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पडवीत भिंतीला टेकून बसल्या. मी चहा घेऊन गेले, तर कप घ्यायला हात पुढे आला नाही. बस, इतकंच. आदल्या दिवशी तुझी आठवण काढली होती. लंडनात त्याला उकडा भात मिळतो का, म्हणाल्या. मिळतो म्हणून सांगितलं. देव मला माफ करो.

बाकी ठीक. पपईला फळं धरलीत. विहिरीचं पाणी अजून मचूळच लागतं. तुझ्या दादांची तब्येत बरी आहे. बोलत नाहीत फारसे, पण बरी आहे.

तू पाठवलेले मिस्टर आणि मिसेस टॅलबट आठवडाभर राहून गेले. माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. तुझ्या ऑफिसात निरनिराळ्या देशांच्या प्रवासाच्या पुस्तिका तेच लिहितात, आपल्या देशाचीही लिहिणार, आणि त्यात आपल्या पाहुण्यांसाठीच्या तीन खोल्यांचं नाव येणार, म्हणून दादांनी काय काय केलं म्हणून सांगू! व्हरांडा रंगवला. पडदे शिवायला लावले. मला चमच्यांची मांडणी शिकवली, तीही चुकीची. बाई बघून हसल्या आणि त्यांनी माझ्या देखत मुद्दाम उलट्या बाजूचा चमचा उचलला. तेव्हाच मला बाई आवडल्या.

साहेबांचा एकच प्रश्न. इतका देखणा मुलूख, असा समुद्र, असे डोंगर, आणि लोक का येत नाहीत? दुकानदाराला विचारलं, बसवाल्याला विचारलं, मासे विकणाऱ्याला विचारलं. दादा रोज संध्याकाळी उत्तर देत बसायचे. विमानं थोडी. तिकीट महाग. सायक्लोनची भीती. काठावरच्या साऱ्या चांगल्या जागा साखर कारखानेवाल्यांच्या बंगल्यांनी धरलेल्या, उतरायचं कुठे? साहेब मान हलवायचे, पण समाधान व्हायचं नाही.

एकदा आई मध्येच म्हणाल्या, "काय इचारतोय त्यो?"

मी सांगितलं.

"मग सांग त्याला. माज्या बापाला बोटीत घालून आनलं तवाबी हितं असंच निळं पानी व्हतं. बापानं पानी कुटं बगितलं? ऊस बगितला."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि आईंना वाकून नमस्कार केला. आई म्हणाल्या, "याला एवडं काय झालं?"

जागेचं तुला माहीत आहे. आपल्याला काठ मिळाला तो स्मशानाला लागून, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. मधल्या फिलाओच्या झाडांवर आपली सारी भिस्त. झाडं दाट झाली की पलीकडचं दिसायचं नाही, असं तू म्हणाला होतास. जानेवारीतल्या सायक्लोनने त्यातली निम्मी पाडली. साहेबांना पलीकडे काय आहे ते तू सांगितलं नव्हतंस, आणि दादांनीही सांगितलं नाही. आई मात्र त्या जागेवर पहिल्यापासून खूश. "पाव्हनं येवोत नायतर न येवोत, माजी तर सोय झाली. मला लारीत घालून कुटं लांब न्यायचं नाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आपण हसायचो.

तर त्या सकाळी मी दादांना हाक मारली. ते आले, आईंच्या नाकाशी हात धरला, खाली बसले. मला वाटलं आता रडतील. त्यांनी मान वर करून पाहुण्यांच्या खिडकीकडे बघितलं. पडदा अजून ओढलेला होता.

"इंद्राणी, एवढ्यात कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "हे लोक उद्या सकाळी जातायत."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे आजचा दिवस. उद्या ते गेले की लगेच. तू त्यांचा नाश्ता कर."

यशपाल, लग्न होऊन आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तेव्हापासून या माणसाने आईंना विचारल्याशिवाय साधी बकरी विकलेली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा तोच होता, तोच आवाज. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलत होते, गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलावं तसं.

मी म्हटलं, "घरात सुतक आहे. चूल पेटायची नाही."

"अंडी आणि पाव. त्याला कसली चूल? स्टोव्ह पेटव."

"तुम्ही पेटवा."

ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. आत गेले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग बों अक्योयला नेऊ. तिथल्या जुन्या स्मशानात. इथे धूर व्हरांड्यावर येईल गं, वाराच तसा आहे."

तोवर चंपाकाकूंनी कुंपणावरून बघितलं होतंच. अर्ध्या तासात गाव दारात. लक्ष्मणकाका काठी टेकत आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोवर्धन, पाव्हना उद्या जानार हाय ना? तुजी आई आज चाललीय. आदी तिला पोचव."  दादा मुंडणाला न्हाव्यापुढे बसले.

आवाजाने पाहुणे बाहेर आले. मला वाटलं होतं, बॅगा भरतील. बाईंनी चपला काढल्या, येऊन बायकांत बसल्या. रात्री चंपाकाकूंनी आणलेला डाळभात, तोही बिनफोडणीचा, आमच्याबरोबर हाताने खाल्ला. कुणी खा म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं.

आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत. आईंना नेलं की दार लावून घ्यायचं, मागचं पुरुष बघतील, अशीच रीत. पण तू आणि दादांनी पाहुण्यांना समुद्र दिसावा म्हणून व्हरांडा उंच बांधलात. तिथून सगळं दिसतं. मी आत जायला निघाले आणि पाय वळेनात. आपल्या घराण्यातल्या कुठल्या सुनेने सासूची चिता पाहिली नसेल, मी पाहिली. बाईंनी माझा हात धरला होता. मागे पाणी तसंच निळं होतं. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला.

धूर आला व्हरांड्यावर. पडद्यांना अजून वास आहे.

हिशेबाच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आता जे लिहायचं राहिलंय ते लिहिते. तीनदा सुरुवात करून कागद फाडले, मी, जी कागदाची पाठ सोडत नाही ती.

साहेबांकडे कॅमेरा होता. आईंना अंगणात ठेवलं, तोंडात तुळशीपत्र घातलं, हार घातला. साहेब बाजूला उभं राहून फोटो काढत होते. कुणी काही म्हटलं नाही. पाहुणा माणूस, त्यातून गोरा. मग काकांनी वस्त्र तोंडावरून ओढलं. सगळ्यांचं दर्शन झालं होतं, उचलायची वेळ आली होती. साहेबांना बहुधा हवा तसा फोटो मिळाला नव्हता. त्यांनी दादांकडे बघून नुसता हात केला, असा, जरा वर.

आणि दादांनी वस्त्र काढलं.

एवढंच करून थांबले नाहीत. चंपाकाकू आडव्या येत होत्या, त्यांना "जरा बाजूला व्हा, ऊन येऊ दे" म्हणाले. मग आईंच्या कपाळावर आलेली बट मागे सारली. मुंडण केलेला मुलगा, हातात दर्भ, आणि फोटो नीट यावा म्हणून आईचे केस सारखे करतोय. मी तिथेच होते.  काकांची मान खाली गेली ती त्यांनी तिरडी उचलेपर्यंत वर केली नाही.

संध्याकाळी स्मशानातून येऊन सगळे व्हरांड्याच्या पायरीशी बसले होते. साहेब दादांच्या शेजारी बसले. डोळे ओले होते त्यांचे, खोटं कशाला सांगू? म्हणाले, "मिस्टर गोवर्धन, मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नाही. समुद्र काय, सगळीकडे असतो. तुम्ही लोक हे का दाखवत नाही? हे बघायला लोक येतील." आणि वही काढून विचारलं, "पुढचा कधी असेल?"

दादा उत्तर द्यायला लागले. रोज संध्याकाळी द्यायचे त्याच आवाजात. "तसं नक्की सांगता येत नाही, सर. पण इथे जून-जुलैत हिवाळा, त्या गारठ्यात म्हातारी माणसं..."

तिथे थांबले. तोंड उघडंच राहिलं. त्यांना आपला आवाज ऐकू आला असावा. समोर लक्ष्मणकाका बसले होते, ऐंशीच्या पुढचे. इंग्रजी त्यांना येत नाही, ते बिचारे दादांकडे मायेने बघत होते.

दादा उठले आणि सरळ समुद्रात चालत गेले, अंगावरच्या धोतरासकट. लोकांना वाटलं स्नानाला गेले. छातीइतक्या पाण्यात पाठ करून उभे राहिले, काळोख पडू लागला तरी. शेवटी काकांनी हाक मारली तेव्हा परत आले.

त्यानंतर ते पाहुण्यांच्या खोल्यांकडे फिरकलेले नाहीत. क्रियाकर्म सगळं यथासांग केलं, पिंडाला कावळा पटकन शिवला नाही तेव्हा लहान मुलासारखे हुंदके दिले, पण शब्द नाही. परवा नेहमीप्रमाणे विमानतळावर पाहुण्यांच्या चौकशीला जायचा दिवस होता. गेले नाहीत. मी विचारलं, खोल्यांचं काय करायचं? म्हणाले, "यशपालला विचार." म्हणून विचारते.

खोल्यांच्या दारामागे तुझं पत्र चिकटवलेलं आहे, पहिल्या वर्षीचं. "पाहुण्याला कशालाही नाही म्हणायचं नाही. या धंद्याची पहिली अट तीच." दादांनी खाली रेघ ओढलीय. रोज सकाळी दार उघडताना वाचायचे. मी तुला बोल लावत नाही. भल्यासाठीच लिहिलंस. कारखान्याच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला, तिथेही हेच शिकवलं होतं, तुझी त्यात भर पडली एवढंच. पण ते पत्र मी काढायला गेले तर रंगासकट निघायला लागलं. तसंच ठेवलंय.

साहेब इथून नैरोबीला गेलेत. नोव्हेंबरच्या मध्याला लंडनला पोचतील, तोवर हे पत्र तुझ्या हातात असेल. मग रीळ धुतलं जाईल, आणि फोटो टेबलावर मांडून ते तुला बोलावतील, अभिमानाने, की बघ तुझ्या देशातून काय आणलंय. त्यांना माहीत नाही ती तुझी आई. "मालकाची म्हातारी आई" एवढंच त्यांना ठाऊक आहे, आणि तू दादांचा भाऊ हे तू त्यांना सांगितलेलं नाहीस, असं बोलण्यात कळलं. तुझी काही अडचण असेल. मीही ते फोडलं नाही.

तर तिथे तू त्यांना नाही म्हण. आमच्याच्याने झालं नाही. तिकीट विकायच्या पुस्तिकेत आईंचा चेहरा नको. नोकरीवर गदा येईल, तिच्यावर चाललेलं शिक्षण अडेल, परीक्षा राहून जाईल, हे सगळं मला कळतं, आणि कळूनही लिहितेय. नाही म्हणायचं, आणि ती माझी आई आहे म्हणून सांगायचं. दुसरं कारण देऊ नकोस.

आणि आणखी एक. आईंचा फोटो आपण कधी काढलाच नाही. पैसे कशाला घालवायचे, म्हणायच्या, आणि मीही हो म्हणायचे. आता जगात त्यांचा चेहरा तेवढ्या रिळात आहे. म्हणून ते जाळून टाक असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो शेवटचा फोटो, केस सारखे केलेला, त्यांच्याकडून मागून घे. तुला दर्शन झालं नव्हतं. अंघोळ करून, पूर्वेकडे तोंड करून बघ. इकडे मात्र दादांनी आपणहून मागितल्याशिवाय पाठवू नकोस.

यंदा आपल्याकडे दिवाळीचा दिवा नाही. तिकडे तूही लावू नकोस. उकडा भात मिळतो का ते मात्र खरं कळव.

तू साहेबांना काय उत्तर दिलंस याची वाट बघणारी,
तुझी वहिनी
इंद्राणी