अभ्यासक्रमात नसलेला मुलगा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा नातू वाल्मिक मला घ्यायला उधना स्टेशनावर आला नाही. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. भेटला की हे पान त्याच्या नाकासमोर धरीन. दोन ट्रंका, पुस्तकांची एक गोणी आणि अडुसष्ट वर्षांची म्हातारी एवढा ऐवज फलाटावर पंचवीस मिनिटं पडून होता. शेवटी एका रिक्षावाल्याने गुजरातीत "बेसी जाओ, मासी" म्हणत ट्रंका उचलल्या. लिंबायतचा पत्ता सांगायला लागले, तर म्हणाला, योगराजशेठचं घर ना, मग पत्ता कशाला.

म्हणजे माझा मुलगा आता शेठ झाला. नंदुरबार सोडून आला तेव्हा दुसऱ्याच्या डाईंगमध्ये कापड रंगवायचा; कोपरापर्यंत हात निळे असायचे. आता पांडेसऱ्यात स्वतःची मिल आहे, पलसाण्याला दुसरी उभी राहते आहे, आणि खानदेशी मंडळाचा तो अध्यक्ष आहे. घर तीन मजली आहे, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या रंगाची फरशी. अभिरुची विकत मिळत नाही हे मी तो शाळेत असतानाच त्याला सांगितलं होतं.

पण मी खूश आहे, हे लिहायला हवं. आता कायमची आले आहे. सून हर्षदाने ओवाळलं. स्वयंपाकाच्या उषाबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. हर्षदा योगराजची दुसरी बायको. तिची दोन्ही मुलं दिवाळीसाठी तिच्या माहेरी आहेत. वाल्मिक पहिलीचा, ज्योतीचा. तो चार वर्षांचा असताना ज्योती गेली आणि दहावीपर्यंत तो माझ्याजवळ वाढला. आत्या नव्हती म्हणून बारशाला त्याच्या कानात नावही मीच सांगितलं होतं. पणजोबांचं नाव. मित्र चिडवायचे, म्हातारा म्हणून. आता तेवीस वर्षांचा आहे आणि मिलमधले कामगार बापाआधी त्याला विचारतात.

तो पलसाण्याला नवी मशिनं बसवून घेतो आहे, असं योगराज म्हणाला. असेल. मला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली आहे. ताज्या रंगाचा वास आहे. ही वाल्मिकचीच खोली होती, असं उषाबाई म्हणाल्या आणि लगेच खाली गेल्या.

माझं पुस्तक त्याच्या हाती टाईप होतं आहे: मुलांसाठी रोमन सम्राट. सहा प्रकरणं झाली. कॉन्स्टन्टाईनचं अर्धं. सव्वीस ऑक्टोबरच्या रविवारी फोनवर त्याने तक्रार केली की आजी, तुझ्या पुस्तकात राजाचा थोरला मुलगाच नाही. मी म्हटलं, तो अभ्यासक्रमात नव्हता.


बुधवार, ५ नोव्हेंबर

वाल्मिक अजून आलेला नाही. फोन बंद. पलसाण्याला रेंज नाही म्हणे. हायवेवर रेंज नाही, हे मी ऐकून घेतलं, मानलं नाही.

सकाळी दुधाला म्हणून चौकापर्यंत गेले. मंडळाचा गुजराती नववर्षाच्या शुभेच्छांचा बॅनर लागला आहे. मधे योगराज, नमस्कार करून, दारातल्या द्वारपालासारखा. भोवती सहा चेहरे, त्यांत हर्षदाचाही. योगराजच्या उजव्या हाताचा चेहरा नाही. तिथे पांढरा चौकोन चिकटवला आहे, आणि खालचं नावही झाकलं आहे. चौकोनाच्या वर थोडे केस दिसतात. उजवीकडे भांग. माझ्या घरात उजवीकडे भांग पाडणारं एकच माणूस आहे.

योगराजला विचारलं. छपाईत चूक झाली होती, म्हणाला. घरी येऊन पाहिलं, तर बैठकीतला कुटुंबाचा फोटोही एका बाजूने कापून नव्या चौकटीत बसवलेला. हर्षदाच्या खांद्यावर चार बोटं उरली आहेत, हात नाही.

हा प्रकार मी ओळखते. रोममध्ये एखादा मर्जीतून उतरला की त्याला मारून भागत नसे. दगडातलं नाव छिन्नीने खरवडायचे, पुतळ्याचं तोंड सपाट करायचे. कॉन्स्टन्टाईनने आपल्या थोरल्या मुलाचं, क्रिस्पसचं, हेच केलं. ज्या क्रिस्पसने त्याला आरमारी लढाई जिंकून दिली होती, त्याचं. पोर पहिल्या बायकोचं होतं. सावत्र आई फॉस्टा हिने कान भरले, असं काही जुने लेखक सांगतात. बापाने चौकशी न करता मारवलं. आदल्या वर्षी हाच बाप बिशपांच्या परिषदेत बसून देवाचं स्वरूप ठरवत होता.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेर्नादेत यांनी आम्हाला त्या परिच्छेदावर पेन्सिलने फुली मारायला लावली होती. पहिल्या ख्रिस्ती सम्राटाबद्दल मुलींनी असलं वाचू नये. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी नव्या मुलींना तीच फुली मारायला लावली.


शनिवार, ८ नोव्हेंबर

उषाबाई भाकरी थापता थापता बोलल्या. आधी म्हणाल्या, "माले काहीच म्हाईत नही, माय." मग सगळंच म्हाईत निघालं. मंडळाच्या निवडणुकीत पोरांनी अध्यक्षपदासाठी वाल्मिकचं नाव पुढे केलं होतं. त्याच आठवड्यात हर्षदाने योगराजला सांगितलं की हा माझ्या खोलीत आला, माझा हात धरला. बुधवारी, एकोणतीस तारखेला, बाप त्याला गाडीत घालून पलसाण्याला घेऊन गेला. गाडी परत आली. गुरुवारी रंगारी आले. मी वाल्मिक, वाल्मिक म्हणत होते, तर उषाबाईंनी पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "त्यानं नाव काढू नका." त्याचं, ज्याचं नाव मी ठेवलं.

संध्याकाळी योगराजला समोर बसवलं. शेठ असशील बाहेर, म्हटलं, इथे माझ्या वर्गात आहेस. पोरगा कुठे आहे.

तो खुर्चीवरून फरशीवर उतरला. मग लहानपणी यायचा तसा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला. म्हणाला, आई, तो गेला, विचारू नकोस. मग म्हणाला, तू सांगायचीस ना गोष्ट, कॉन्स्टन्टाईन राजाने मरताना बाप्तिस्मा घेतला, पांढरे कपडे घातले आणि सगळी पापं धुतली गेली. खरंच सगळी का?

ही गोष्ट मी त्याला तो सात वर्षांचा असताना सांगितली होती. फार आवडायची त्याला. कुठलं पाप, हे मी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

पलसाण्याच्या मिलमागे तो देऊळ बांधतो आहे. ओटा घातला गेला आहे.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

ही रोजनिशी कुणीतरी हाताळली आहे. तीन तारखेच्या पानावर, पाच तारखेच्या पानावर, जिथे जिथे वाल्मिक लिहिलं होतं तिथला कागद ब्लेडने खरवडला आहे. हात सफाईचा आहे. बाकी एका अक्षराला धक्का नाही. उजेडात धरलं तर कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो.

हर्षदाशिवाय कोण असणार. तिला जे बोलायचं ते बोलले, आणि मी बोलले की भाषांतराची गरज पडत नाही. ती नुसती नाही नाही म्हणत राहिली.

सगळी नावं पुन्हा लिहिली, दाबून. रोजनिशी ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

किल्ली गळ्यात. कुलूप शाबूत. नावं पुन्हा गेली.

पुन्हा लिहिली.

खोलीत दमट गरम वाटतं, बाहेर थंडी पडत असताना. नव्या रंगाला पलंगाच्या डोक्याशी फोड आला आहे. माणसाएवढा उंच. हात लावला तर आतून ऊब आहे.

दुपारी हर्षदा आली, माझ्या पायाशी बसली आणि रडली. तो माझ्या खोलीत कधीच आला नाही, म्हणाली. हातही धरला नाही. तो मला मावशी म्हणायचा. मला फक्त माझी पोरं पुढे यायला हवी होती. तो घराबाहेर जाईल एवढंच वाटलं होतं. हे असं करतील असं वाटलं नव्हतं. 'हे असं' म्हणजे काय, ते मी विचारलं. आज योगराजला सगळं खरं सांगते, म्हणाली.

मी तिला अडवायला हवं होतं. फॉस्टाचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं. तोही परिच्छेद अभ्यासक्रमात नव्हता.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हर्षदा गेली.

सकाळी न्हाणीघरात सापडली. गॅस गीझर चालू, खिडकी बंद. डॉक्टर म्हणाले, असं होतं, दर हिवाळ्यात दोन-तीन येतात. सगळ्यांनी मान हलवली.

फॉस्टाला तापवलेल्या स्नानगृहात कोंडलं होतं.

उषाबाई म्हणतात, कडी बाहेरून होती. मी पाहिली नाही.

पाहिली.


रविवार, १६ नोव्हेंबर

चौकातल्या बॅनरवर आता दोन पांढरे चौकोन आहेत.

घरात तिचा फोटो नाही, हार नाही, दिवा नाही. मुलं अजून तिच्या माहेरीच आहेत; त्यांना काय कळवलं, कोण जाणे. भेटायला आलेल्या बायका हवापाण्याच्या गप्पा मारून गेल्या. एकीला मी सुनेचं नाव घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, कोण?

योगराज मला रोज नमस्कार करून जातो. पांढरे कपडे घालायला लागला आहे.

माझाच मुलगा. कोपरापर्यंत निळे हात घेऊन यायचा तेव्हा मी राखेने घासून द्यायची. निळं निघायचं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

पलसाण्याला जाऊन आले. रिक्षाने. योगराजला सांगितलं नाही.

क्रिस्पस गेला तेव्हा कॉन्स्टन्टाईनची आई हेलेना जिवंत होती. सम्राटाची आई आणि त्या पोराची आजी. ऐंशीच्या घरात ती जेरुसलेमला गेली, आणि जमीन खणवून तिने क्रूस शोधला, असं सिस्टर सांगायच्या. आम्हाला तिचं कौतुक वाटायचं. म्हातारी एवढ्या लांब खरं काय शोधायला गेली असेल, हे कुणी विचारलं नाही.

मिलमागे ओटा आहे. सिमेंट तीन आठवड्यांचं. भर दुपारी सावलीत, आणि तरी गरम. तव्यासारखं नाही. अंगासारखं.

बसले. हात ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मुलगी रडते तशी रडले. त्याच्या कानात सांगितलं होतं तसं वाकून नाव घेतलं.

खालून खरवडल्याचा आवाज आला. हळू. थांबून थांबून. मी नाव घेतलं की —

वॉचमन आला. आजी, उठा म्हणाला. त्याला ऐकू येत नव्हतं. मी नखांनी —

नखं मोडली आहेत. सिमेंट काही तुटलं नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

नावं पुन्हा खरवडलेली. आजचं पान सोडून सगळी.

उषाबाईंना पाळतीवर बसवलं होतं, दुपारी, मी झोपते तेव्हा. विचारलं, कोण आलं होतं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, कोणी नही, माय. तुम्हीच उठतस. किल्ली काढतस. खिडकीशी बसतस आणि खरडतस. डोया उघडा राहतस. उघड्या डोळ्यांनी, झोपेत, मी.

खोटं बोलू नका म्हटलं. त्यांनी माझी उशी उचलली.

ब्लेड. कागदाचा भुसा. पांढरा, बारीक. माझ्या मोडलेल्या नखांतही तोच. मी तो सिमेंटचा समजत होते.

एकतीस वर्षं सवय आहे या हाताला.

मुलाला वाचवत होते. नातवाने विचारलं तर काय सांगू. आजी, तू पण?


गुरुवार, २० नोव्हेंबर

ब्लेड खिडकीतून फेकलं. उजवा हात ताब्यात आहे. खरवडतो तो डावा; तो पलंगाच्या गजाला पदराने बांधला आहे. लिहिते आहे.

भिंतीवरचा फोड फुटला. आत काही नव्हतं. वाफ होती.

योगराज यास —

आई म्हणून नाही, या घरात उरलेली एकमेव साक्षीदार म्हणून विचारते. दिनांक २९ ऑक्टोबर रोजी तू ज्याला गाडीत घातलंस तो कुठे आहे. ओट्याखाली काय आहे. न्हाणीघराची कडी कोणी लावली. तोंडी चालणार नाही. मांडीवर डोकं ठेवलेलं चालणार नाही. तुझ्या सहीचं लेखी उत्तर सोमवार, दिनांक २४ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांच्या आत मला मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर ही वही मी स्वतः पोलीस ठाण्यात —

तो जिन्यात आहे. पावलं माझ्या ओळखीची आहेत.

दाराबाहेर उभा राहून हळू आवाजात सांगतो आहे, आई, आंघोळीचं पाणी तापलंय.

पाणी धुत नाही रे. मी चुकीचं शिकवलं. तुला —

डावा हात सुटतो आहे. गाठ मी बांधली होती, मीच —

आधी नाव. बाकी काही राहिलं तरी चालेल. मीच ठेवलेलं, मीच लिहीन, पूर्ण, शाईने, बापाच्या नावासकट. वाल्मिक यो